मुरुडवर एकमत

घोटावड्याच्या दत्तानं लग्नाआधी शीतलला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी समुद्र होता तिथंच होता आणि शब्दही. अडचण रजेची नव्हती की अंतराची. ताम्हिणी घाट उतरला की कोकणच. अडचण एवढीच, की दत्ताला मुरुडला जायचं होतं आणि शीतलला हर्णैला.

दत्ता पिरंगुटच्या एका कंपनीची बस चालवायचा. शाळेच्या पुस्तकात त्यानं पाण्यातल्या किल्ल्याचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून मुरुडनं त्याच्या मनात ठाण मांडलं होतं. शीतल पॅकिंगच्या कामाला जायची. तिथली मैत्रीण प्राजक्ता जेवणाच्या सुट्टीत तिला हर्णैच्या मासळीच्या लिलावाचं वर्णन ऐकवायची, आणि शीतलला आपल्या डब्यातली मेथीची भाजी गोड लागेनाशी व्हायची. प्राजक्ताची मावशी तिकडंच राहायची, पाहुण्यांना खोल्या द्यायची.

"मुरुड," दत्ता म्हणायचा.

"हर्णै," शीतल म्हणायची.

"तुज्या हर्णैत हाय काय?"

"मासळी हाय. तुमच्या मुरुडात काय, दगुड?"

मग दोघंही रुसायची, आणि रुसलेली माणसं मोरीकडं फिरकत नाहीत. उष्टी भांडी दत्ताच्या आईच्या, गंगूबाईच्या वाट्याला यायची.

एका संध्याकाळी मात्र चमत्कार झाला. दत्तानं सवयीनं "मुरुड" म्हटलं आणि शीतल म्हणाली, "बरं, मुरुडलाच जाऊ."

दत्ताचा घास हातातच राहिला. घडलं होतं ते असं. त्याच दुपारी प्राजक्तानं सांगितलं होतं, की मावशीचं घर खुद्द हर्णैत नाही, शेजारच्या मुरुडला आहे. कोकणात मुरुडं दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यात; दुसरं दापोलीच्या अंगाला, हर्णैला लागून. दत्ताला दुसरं ठाऊक नव्हतं, शीतलला पहिलं. तिला वाटलं, हा माणूस इतके दिवस आपल्याच मुरुडचं नाव घेत होता आणि आपण उगीच त्याच्यावर खेकसत होतो. त्याला वाटलं, बायकोनं आपल्यासाठी मन मारलं.

"तितं पाण्यात किल्ला हाय," खात्री करून घ्यावी म्हणून दत्ता म्हणाला.

"हाय की. होडीतनं जात्यात म्हनं." आता समुद्रातला किल्ला हर्णैलाही आहेच, त्याला कोण काय करणार? "आन् ऱ्हायचं मी बगितलंय. प्राजक्ताच्या मावशीकडं."

प्राजक्ताची मावशी म्हटलं की दत्ताचे कान आपोआप मिटायचे. त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं, की बायकोनं खोलीसुद्धा शोधली.

त्या दिवसापासून घरात कृतज्ञतेला पूर आला. दत्ता जेवून उठला की भांडी घासायला बसू लागला. शीतलनं ओढ्याचे खेकडे मिळवून रस्सा केला, तोही त्याला आवडतो तसा जाळ. तो म्हणाला, "लई केलंस माज्यासाठी." ती म्हणाली, "तुमी काय कमी केलं?" काय केलं हे दोघांनीही विचारलं नाही. गंगूबाई उंबऱ्यात बसून सुपारी कातरत राहिली.

मित्राची जीप मागून आणून तिघं निघाली. घाट उतरून माणगावला महामार्ग लागला, आणि दत्तानं उजवीकडचा दिवा लावला.

"अवो, तिकडं कुटं? डावीकडं घ्या. महाडकडनं दापोलीला जायाचंय."

"दापोलीला कशाला? मुरुडला जायचंय न्हवं?"

"मग मुरुड दापोलीलाच हाय."

"मुरुड जंजिऱ्याला हाय."

चौकात उभ्या जीपमध्ये सगळा उलगडा झाला. दत्ता मनात हिशेब करू लागला. म्हणजे बायकोनं काही सोडलं नव्हतं. आपणही सोडलं नव्हतं. ती सगळी भांडी, तो सगळा रस्सा फुकटच. मग त्याला आठवलं, की इतके दिवस आपण कामावरून घरी यायला उतावीळ असायचो. ते दिवस त्याला हातातून जाऊ द्यायचे नव्हते. त्यानं डावीकडचा दिवा लावला.

"चल, तुज्या मुरुडला."

शीतलचा चेहरा उतरला. "न्हाई. एवडी भांडी घासली तुमी. तुमच्याच मुरुडला जाऊ."

"तुज्या म्हनलं ना."

"मी न्हाई यायची माज्या मुरुडला."

मागं ट्रकची रांग लागली. हवालदार आला. "कुठं जायचंय?"

"मुरुडला," दोघं एकदम म्हणाली.

"कुठल्या?"

"हिच्या."

"ह्यांच्या."

हवालदारानं मागं गंगूबाईकडं पाहिलं. "आजी, तुम्ही सांगा."

"डावीकडं," गंगूबाई म्हणाली. "खोली तितं हाय. दोन मुरुडं हायेत ते प्राजक्ता लोणचं द्यायला आली तवाच कळलं मला."

"आये!" दत्ता मागं वळला. "मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर भांडी परत माज्याच गळ्यात आली असती. आन् तुमी दोगं हसत जेवायला लागलेली, ते मोडायचं पाप मी कशाला घेऊ? रोज देवाचं आभार मानलं आन् गप बसले."

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलावाचा गलका चालला होता. शीतल मासळीकडं बघायचं सोडून नुसतं पाणी बघत उभी राहिली. शब्द पुरा झाला होता. बऱ्याच वेळानं तिनं दत्ताचा दंड धरून समोर बोट दाखवलं. पाण्यात किल्ला उभा होता.

"चालंल का ह्यो?"

"पळंल," दत्ता म्हणाला.

मावशीकडं सुरमईचं जेवण झालं. हात धुऊन दत्ता सवयीनं ताटं गोळा करू लागला. मावशी बघतच राहिली. "काय गुणाचा नवरा आहे गं तुझा."

गंगूबाईनं सुपारी तोंडात टाकली. "पुढल्या साली त्या मुरुडला जाऊ," ती म्हणाली. "पर ठरवून आत्ताच टाका. तेवडंच वरीसभर बरं जाईल."