कोनकरकाकांचं दुसरं पनवेल

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि आतून कोनकरकाका बाहेर आले, की समोर जो कोणी दिसेल त्याला ते एक प्रश्न विचारायचे. प्रश्न रोज वेगळा, पण इतका सोपा की उत्तर देणाऱ्याला आपली थट्टा चाललीय असं वाटावं.

"टीचर, आपला जिल्हा कुठला?"

मी शाळेतून आलेली, एका हातात तपासायच्या वह्या, दुसऱ्या हातात मेथीची जुडी.

"रायगड, काका."

"आणि कचेरी?"

"अलिबागला."

"बरं. म्हणजे आपलंच आहे," असं म्हणून ते खिशातून किल्ली काढायचे आणि घरात जायचे. आपलंच म्हणजे आपलंच जग. लिफ्टने मधल्या मधे दुसऱ्याच जगात नेऊन सोडलेलं नाही ना, याची ती खातरजमा असायची. आठ वर्षं त्यांच्या शेजारी राहून मला त्याची इतकी सवय झाली होती, की कुलूप उघडता उघडता मी उत्तरं द्यायची. सासूबाई पहिल्यांदा साताऱ्याहून आल्या तेव्हा मात्र घोटाळा झाला. काकांनी त्यांना विचारलं, "तुमच्या सुनेचं माहेरचं आडनाव काय?" सासूबाई तडक घरात येऊन मला म्हणाल्या, "तुझी कसली चौकशी चाललीय गं?"

या सगळ्याच्या मुळाशी एक मालिका होती. तेव्हा केबलवर दुपारी चार वाजता एक इंग्रजी मालिका हिंदीत करून दाखवायचे. त्यात एक प्रोफेसर, त्याची पुतणी आणि लिफ्टमध्ये योगायोगाने सापडलेला एक प्लंबर असे तिघं. लिफ्टचं दार उघडलं की बाहेर शहर तेच, रस्ते तेच, पण एक गोष्ट वेगळी. एका जगात घड्याळाचा शोधच लागलेला नव्हता आणि तिथले लोक म्हणे सगळीकडे वेळेवर पोचायचे. दुसऱ्या एका जगात प्लंबरच राष्ट्राध्यक्ष होता आणि तरी त्याच्या स्वतःच्या घरातला नळ गळत होता. काका या मालिकेपुढे पोथीसमोर बसावं तसे बसायचे. दारावरची बेल वाजली तरी उठायचे नाहीत. त्यात आमच्याकडे भारनियमन. नेमका लिफ्टचा दरवाजा उघडायला आणि वीज जायला एकच गाठ पडायची. मग काका जिन्यात येऊन बसायचे आणि पुढे काय झालं असेल ते आम्हाला सांगायचे. त्यांनी सांगितलेलं बहुतेक मूळ मालिकेपेक्षा बरं असायचं, असं माझे यजमान सुहास म्हणतात. सुहास तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला असल्यामुळे त्यांनी मूळ मालिका कधी पाहिली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

काकांचं पूर्ण नाव आयझॅक कोनकर. मूळ घराणं कोन गावचं, म्हणून कोनकर. आजोबांचं नाव इसाजी, तेच पुढे शाळेत घालताना आयझॅक झालं. बेने इस्रायली ज्यू समाज आपल्याकडे किती पिढ्यांपासून आहे हे मला वर्गात शिकवायला लागतं, पण काका ते एका वाक्यात सांगायचे: "आमची बोट इथे फुटली, टीचर. तेव्हापासून आम्ही दुरुस्तीची वाट बघतोय." लग्न केलं नव्हतं. आईवडील गेले. सरकारी नगररचना खात्यात ते ड्राफ्ट्समन होते आणि तिथून निवृत्त झालेले.

या नोकरीमुळेच त्यांचा दुसऱ्या जगावर विश्वास बसला असावा. कारण दुसरं पनवेल त्यांनी स्वतः काढलेलं होतं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, खाडीकाठी फिरायला बाग, प्रत्येक सेक्टरला वाचनालय. पिवळ्या रंगात घरं, हिरव्यात मैदानं. नकाशे वर गेले, मंजूर झाले, आणि मग बाहेर जे बांधलं गेलं ते आपण बघतोच.

"पण ते पनवेल आहे, टीचर. कुठेतरी आहेच. त्या पनवेलात गटारांवर झाकणं आहेत."

"त्या पनवेलात" हा त्यांचा पेटंट शब्द. नळाला पाणी आलं नाही की "त्या पनवेलात आत्ता आंघोळी झाल्या असतील." उलव्याकडे विमानतळाचं काम चाललंय, चाललंय असं वर्षानुवर्षं ऐकू यायचं. काका आकाशाकडे बघून म्हणायचे, "त्या पनवेलात विमानांच्या आवाजाला लोक कंटाळलेसुद्धा." सोसायटीचे सेक्रेटरी तेच. वार्षिक सभेत कोणी गळतीबद्दल तक्रार केली तर ते इतक्या शांतपणे दुसऱ्या पनवेलातल्या गच्चीचं वर्णन करायचे, की तक्रार करणारा थोड्या वेळाने समाधान पावल्यासारखा खाली बसायचा. गळती अर्थात तशीच राहायची.

फक्त एका माणसापुढे त्यांचं चालायचं नाही. उरणहून मासळीची टोपली घेऊन येणारी जानकीमावशी. एकदा वीज गेली आणि हे दोघं लिफ्टमध्ये अडकले. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा काका घामाघूम आणि मावशी टोपलीवर फडकं टाकून निवांत बसलेली.

"कुठलं गाव हे?" काकांनी बाहेर पाय टाकता टाकता विचारलं.

"आता उतरा, शेट," मावशी मागून म्हणाली. "आपून दोगं एकाच लिफ्टीत व्हतो. तुमी दुसऱ्या दुनियेत गेलाव तं मी पन गेलंच ना. मग माजी पापलेटं वास मारतात कशी?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाय, यांना इचार, त्या दुनियेत तरी कोलंबी खातात का?"

"नाही," काका म्हणाले. कोलंबी त्यांच्या धर्मात चालत नाही.

"नाय?"

"एकाही दुनियेत नाही, मावशी."

मावशी त्यावर खूष झाली. तिने त्यांना त्या दिवशी पापलेट निवडून दिलं.

शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा; त्या दिवशी काका लिफ्टला हात लावत नसत. टीव्ही नाही, फोन नाही, रिक्षा नाही. सकाळी पांढरा सदरा घालून जिन्याने उतरायचे आणि चालत प्रार्थनेला जायचे. त्या एका दिवशी आम्ही सगळे न तपासता आपापल्या जगात राहायचो.

शुक्रवारी दुपारी मात्र फोन ठरलेला. त्यांची थोरली बहीण हन्नाबाय ऐन तारुण्यात नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली होती, अश्दोदला. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून दोघं ओरडून बोलायचे आणि सगळा मजला ऐकायचा. हन्नाबायचं मराठी ती गेली त्या दिवशी जसं होतं तसंच राहिलं होतं. "आयझॅक, कागद तयार हायेत. खोली तयार हाय. तू कवा येतोस?" आणि काका म्हणायचे, "येतो गं. पुढल्या वर्षी."

मी एकदा विचारलंच. सगळे गेले, तुम्हीच का नाही गेलात?

"एक मी गेलोय ना," काका म्हणाले. "त्या जगातला आयझॅक कोनकर कधीच अश्दोदला उतरला. हन्नाबायच्या हातचं जेवतो, भाच्यांना मराठी शिकवतो. दोन दोन आयझॅक पाठवून तिच्या घरात गर्दी कशाला?"

मी हसले. पण मनात म्हटलं, हा माणूस घाबरतो. जायचं नाही, आणि जायचं नाही असं बहिणीला सांगायचंही नाही, म्हणून मालिकेच्या मागे लपतो. आळशी मुलं दप्तरामागे लपतात, तीस वर्षं बघतेय मी.

त्यांचं आणखी एक विचित्र वागणं होतं. समोरचा ब्लॉक रिकामा झाला, तेव्हा भाडेकरू बघायला यायचे. सेक्रेटरी म्हणून काका भेटायचे आणि पहिला प्रश्न टाकायचे, "घरात तेरा वर्षांवरचे पुरुष किती?" लोक चमकायचे. एजंट कपाळाला हात लावायचा. एक बाई तर म्हणाली, हे घर भाड्याने देतायत की पलटण भरती करतायत? उत्तर काहीही आलं तरी काका कोणाला अडवायचे नाहीत, नुसते मान हलवून घरात जायचे. पण एकदा रोह्याकडचं एक कुटुंब आलं, त्यांच्याच समाजातलं. बाप आणि तीन मोठे मुलगे. काका माझ्या दारात आले, चार बोटं वर करून. "चार, टीचर. चार." चार दिवस त्यांनी स्वतः उभं राहून त्या ब्लॉकला रंग लावून घेतला. शेवटी त्या लोकांनी ठाण्याला घर घेतलं. त्या दिवशी काका चार वाजता टीव्हीपुढे बसले नाहीत, आणि मला वाटलं, रंगाचा वास सहन झाला नसेल.

मग एका शुक्रवारी हन्नाबाय ओरडली नाही. हळू बोलली, म्हणून आम्हाला काही ऐकू आलं नाही. काका नंतर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन आहे. ती म्हणाली, या वेळी पुढचं वर्ष नको. या वेळी ये.

काकांनी तिकीट काढलं. आम्ही खरोखर थक्क झालो. सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं. जानकीमावशीने सुकी मासळी बांधून आणली, विमानात नेऊ देत नाहीत म्हटल्यावर रागावली. मी त्यांची बॅग भरली. दोन पांढरे सदरे, औषधं, बहिणीसाठी कोकम. गुरुवारचं विमान होतं.

सोमवारी त्यांच्या समाजातले शालोम मास्तर बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. काका त्यांना बघून आले आणि मंगळवारी सकाळी त्यांनी तिकीट रद्द केलं.

मास्तरांना बघायला मुलगा होता, सून होती, दिवसाची बाई होती. मी काकांच्या दारात उभी राहिले आणि जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, काका, तिथे सख्खी बहीण टेबलावर झोपणार आहे आणि तुम्हाला निमित्त मिळालं. तुम्हाला बहीण नको, मालिका हवी.

ते बॅगेतले सदरे काढून कपाटात ठेवत होते. म्हणाले, "त्या पनवेलातला मी निघालाय, टीचर. गुरुवारी पोचेल."

मी दार आपटून निघून आले. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. शुक्रवारी त्यांनी लिफ्टमधून उतरून मला विचारलं, "आज वार कुठला?" मी कुलूप उघडून आत गेले. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

शनिवारी सकाळी आमचा फोन वाजला. अश्दोदहून त्यांची भाची याएल. काका शनिवारी फोन उचलत नाहीत हे माहीत असल्यामुळे तिने आमच्याकडे केला होता. तिचं मराठी म्हणजे चार शब्द इकडचे, दोन तिकडचे.

"मामाला सांगा, आई चांगली. ऑपरेशन चांगलं. डोळे उघडले."

"सांगते गं, आत्ता सांगते."

"आणि आई विचारते. दहा झाले?"

"काय दहा?"

"मला नाय माहीत. ती परत परत तेच विचारते. दहा झाले का, मामाला विचार."

मी चपला घातल्या आणि तशीच निघाले. बाजारातून, तळ्याच्या बाजूने. प्रार्थनागृहाच्या फाटकाशी काका उभे होते, पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी, आणि रस्त्याकडे नजर. आत बाकांवर म्हातारी माणसं बसली होती, पुस्तकं मिटून. कोणी प्रार्थना म्हणत नव्हतं. मी मोजली, आठ होती.

मला बघून काकांचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईने म्हटलं, "चांगली आहे. डोळे उघडले." त्यांनी फाटकाची सळई धरली.

"आणि विचारलंय, दहा झाले का. मला काही कळलं नाही."

काका हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले.

"आमच्या धर्मातलेच दहा पुरुष लागतात," ते म्हणाले. "तेरा वर्षांवरचे. त्याशिवाय ग्रंथ बाहेर काढता येत नाही, पूर्ण प्रार्थना म्हणता येत नाही. मास्तर धरून आम्ही बरोबर दहा होतो. किती वर्षं अकरावा शोधतोय मी. अकरावा मिळाला असता तर सुटलो असतो."

"पण आता मास्तर पडले. तुम्ही असलात तरी नऊच. मग राहून काय उपयोग?"

"नऊ असले ना टीचर, की दहाव्याची वाट बघता येते. कोणी पाहुणा येतो, कोणी मुंबईहून येतो. आठ झाले की लोक एकमेकांकडे बघतात. पुढच्या शनिवारी सहा येतात. मग कुलूप."

मला माझे मंगळवारचे शब्द आठवले आणि फार लाज वाटली. म्हटलं, "हे मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही सुहासला टोपी घालून पाठवलं असतं."

पाठवलं असतंच. "चाललं नसतं?"

"चाललं नसतं. आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दारातून परत जा म्हणणं मला जमलं नसतं."

आतून कोणीतरी खोकलं. एक म्हातारा घड्याळाकडे बघत होता. काकांनी वळून त्याला हाताने थांबायची खूण केली.

"याएलला काय कळवू?" मी विचारलं.

"सांगा, अजून नाही. सांगा, मी फाटकाशी आहे. हन्नाबायला कळेल."

मला फोन करायला घरी जायला हवं होतं. पण मी गेले नाही. स्टँडच्या बाजूने एक माणूस पिशवी घेऊन चालत येत होता, आणि तो जवळ येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.