अकोल्याची निद्रापद्धती

तान्हे मूल रात्री का रडते, हे त्याच्या आईखेरीज सर्वांना ठाऊक असते.

मध्यप्रांत व वऱ्हाडात त्या काळी जे मोजके विचारी पिते होते, त्यांत अमरावतीचे चिंतामणराव वकील अग्रगण्य. त्यांची चार महिन्यांची जमुना रात्रभर जागे. वकीलसाहेबांनी कर्तव्य ओळखून नियम केला: मुलगी रडू लागल्यापासून घड्याळाने दहा मिनिटे मोजावीत, तोवर कोणीही तिला उचलू नये. पहिल्या आठवड्याचा अहवाल असा: मुलगी रडली त्रेचाळीस वेळा, आई उठली त्रेचाळीस वेळा, वडील उठले दोनदा (एकदा घड्याळाला किल्ली द्यायला, एकदा आईने नियम मोडल्याची नोंद करायला).

मुलीला न्हाऊ घालणाऱ्या पार्वताबाई दर्यापूरकडच्या. त्यांना कायद्याचे ज्ञान नव्हते.

"पोरीले भूक लागते न जी वकीलसाहेब! तुमी घड्याळ काय पाहून राह्यले?"

(हरकत फेटाळण्यात आली.)

जमुनेची आई ताराबाई मात्र खंगत चालल्या. एका सकाळी जमुनेला पाजता पाजता त्यांना बसल्या जागी झोप लागली आणि मूल मांडीवरून घसरले. खाली गोधडी होती म्हणून निभावले. चिंतामणराव त्या दिवशी प्रथमच घाबरले, आणि त्यांनी तडक अकोल्याची गाडी धरली. तिथे त्यांचे साडू कमलाकांत मास्तर राहत. मास्तरांचा सहा महिन्यांचा मुलगा रात्री एकदाही उठत नाही, अशी सर्व नातेवाइकांत ख्याती होती.

"शिस्त!" मास्तर म्हणाले. "दिवा मालवला की आमच्याकडे चकार शब्द नाही." एवढे सांगून ते बाहेरच्या खोलीत जाऊन घोरू लागले.

चिंतामणरावांचे अंथरूण माजघराला लागून होते. मुलगा सहा वेळा उठला. सहाही वेळा अनसूया, म्हणजे ताराबाईंची धाकटी बहीण, त्याला खांद्यावर घेऊन अंधारात फेऱ्या घालत राहिली. पहाटे पाहुणे जागेच असल्याचे तिच्या लक्षात आले.

"यांना सांगू नका हं, भावजी," ती कुजबुजली. "ते उठले की मला दोघांना झोपवावं लागतं."

परतीच्या गाडीत चिंतामणरावांनी अत्यंत प्रामाणिकपणे विचार केला. घरी पोचताच ताराबाईंनी आशेने विचारले, "काय पद्धत आहे हो त्यांची?"

"अगदी सोपी," ते म्हणाले, आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत हलवून त्यांनी दार लावून घेतले.

त्या रात्रीपासून जमुना शांत झोपू लागली, असे ते कचेरीत सर्वांना शपथेवर सांगत. त्यात खोटे काहीच नव्हते. ऐकलेच नाही, ते सांगणार कसे?

वाचकहो, आपलीही मुले तान्ही असताना रात्री मुळीच त्रास देत नसत, हे आपल्याला पक्के आठवत असेल. मग एवढे पान घरात मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नसावी.