पंचवीस एप्रिलच्या आधी हीटर नाही!

अख्ख्या बॅलरॅट गावात तत्त्वाला जागणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! पंचवीस एप्रिलला, म्हणजे अँझॅक डेला, पहाटे शहीद सैनिकांना मानवंदना द्यायची आणि मगच घरातला हीटर लावायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. बाकीचे लोक ती नुसती सांगतात. मी पाळतो! इथं दक्षिण गोलार्धात एप्रिल म्हणजे थंडीची सुरुवात, पण घरात बोलताना तोंडातून वाफ निघाली तरी हरकत नाही. स्वेटरवर स्वेटर चढवा, पण बटणाला हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी मात्र प्रकरण नाजूक होतं. माझ्या सासूबाई डोरीन आमच्याकडे ‘राहून बघायला’ आल्या होत्या. उरलेलं आयुष्य आमच्याकडे काढायचं की क्वीन्सलंडला धाकट्या जावयाकडे, ते त्या ठरवणार होत्या. आणि क्वीन्सलंडला लोक ऐन हिवाळ्यात अर्ध्या चड्डीत हिंडतात! माझी बायको ग्लेनिस रोज डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, “डग, आई तिकडे गेली तर वर्षातून एकदा दिसेल रे मला. लाव ना हीटर!”

“पंचवीसला असा लावतो, की आई क्वीन्सलंडचं नाव काढणार नाहीत!”

सासूबाई हॉलमधल्या खुर्चीत नाकापर्यंत ब्लँकेट ओढून बसलेल्या असायच्या. “माझं काही म्हणणं नाही हो,” असं त्या म्हणायच्या. दात वाजत असल्यामुळे नीट ऐकू यायचं नाही, एवढंच.

तर पंचवीसला उजाडायच्या आत मी दोघींना उठवलं, हॉलमध्ये बसवलं आणि बटण दाबलं. घराखाली घरघर झाली. जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा वर यायला लागली. सासूबाईंनी ब्लँकेट हनुवटीच्या खाली घेतलं! ग्लेनिस माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली, आणि हे फार वर्षांनी घडत होतं.

तेवढ्यात वास आला.

“डग,” ग्लेनिस नाक धरून म्हणाली, “सडकी अंडी!”

सडक्या अंड्यांचा वास म्हणजे गॅस! गळती कळावी म्हणून तो वास गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“मला नाही बाई कसला वास येत,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

“आई, तुमचं नाक चोंदलंय! चला बाहेर! दिव्याच्या बटणांना कुणी हात लावायचा नाही!”

“अरे, पण माझं जरा ऐकशील का—”

“बाहेर ऐकतो!”

मी खिडक्या सताड उघडल्या, दोघींना फाटकापाशी नेलं, घराच्या बाजूला जाऊन मीटरजवळची दांडी फिरवली आणि गॅस बंद केला. असा प्रसंग आला तर काय करायचं ते मला तोंडपाठ आहे. एकही पायरी चुकली नाही!

“आता गॅसवाल्यांना फोन कर,” ग्लेनिस म्हणाली.

“फोन आत आहे. तुझा?”

“आतच!”

“मग काय, आता आत जायचं नाही! नियम म्हणजे नियम!”

“तुझ्या नियमांनीच आज घर उडणार आहे,” ग्लेनिस म्हणाली. आम्ही तिघं नाइटड्रेसमध्ये, अंधारात, ओळीनं कुडकुडत उभे राहिलो.

आणि समोरच्या घरातून मर्व्ह बाहेर आला. हातात पेटती मेणबत्ती!

त्याचं असं आहे, की गेली काही वर्षं अँझॅक डेच्या पहाटे आमच्या गल्लीतले लोक आपापल्या फाटकाशी मेणबत्ती लावून उभे राहतात. मी कधी गेलो नव्हतो. माझी मानवंदना हीटरपाशीच व्हायची.

“डग! शेवटी आलास की रे बाबा!” मर्व्हला भरून आलं. “आणि आईंनाही आणलंस? काय हो आई, तुमचे यजमान होते का सैन्यात?”

“होते. स्वयंपाकी होते,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे सैनिकच की!” मर्व्ह वळून ओरडला, “अरे, सगळे इकडे या! आपल्याकडे एक वीरपत्नी उभी आहे!”

झालं! सगळी गल्ली आमच्या फाटकाकडे निघाली. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. मागं माझं घर, खिडक्या सताड उघड्या!

“मर्व्ह, ती आधी विझव! घरात गॅ—”

आणि जॅनेलनं ट्रंपेट तोंडाला लावला. ती गावच्या बँडमध्ये वाजवते. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शहिदांसाठीच्या त्या सुरांत आणि त्यानंतरच्या शांततेत जो तोंड उघडेल, त्याला या गावात कुणी दारात उभं करत नाही. माझ्या तोंडातला ‘गॅस’ तोंडातच राहिला.

मग काय करायचं? मी पायांचा आवाज न करता पुढे झालो आणि मर्व्हची मेणबत्ती फुंकली. फू! मग जॅनेलच्या नवऱ्याची. फू! मग कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बहिणींच्या. फू! फू! लोक मान न हलवता नुसते डोळे वटारून बघत होते. मी रांगेच्या टोकाला पोचलो, ट्रंपेट थांबला, शांतता सुरू झाली, आणि मी मागं वळून बघतो तर मर्व्हनं खिशातून लायटर काढलेला!

“गॅऽऽऽस!” मी बोंबललो.

अशी पळापळ बॅलरॅटनं पाहिली नसेल! मर्व्हनं सासूबाईंना खांद्याला धरून आपल्या घरी नेलं आणि तिथूनच गॅसवाल्यांना फोन केला.

एक जाडजूड बाई यंत्र घेऊन आली, घरभर फिरली. “गळती नाही,” म्हणाली. “पण वास आहे खरा.” मग तिनं हॉलमधली जाळी उचलली, आत हात घातला आणि एक उकडलेलं अंडं बाहेर काढलं. मग दुसरं. मग आणखी. काही हिरवी होती, काही काळी.

मी तडक समोर गेलो. सासूबाई मर्व्हच्या सोफ्यावर, हातात रम घातलेली कॉफी, गाल लाल.

“आई, अंडी?”

“अरे डग, तू रोज सकाळी एवढ्या प्रेमानं आणून द्यायचास. पण काय उकडायचास रे! दात लावला की कवळी बाहेर यायची. तोंडावर नको कसं म्हणू? म्हणून काठीनं जाळी उचलायची आणि सोडायचं खाली. हीटर काही तू लावणार नाहीस, अशी माझी खात्री होती.”

“वास आला तेव्हा तरी सांगायचं!”

“सांगत होते की! ‘बाहेर ऐकतो’ म्हणालास. बाहेर तर माझा सत्कारच सुरू झाला.”

ग्लेनिस हसत सुटली, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. “म्हणजे आता तू क्वीन्सलंडलाच जाणार!”

“छे गं! इथली माणसं किती चांगली आहेत!” सासूबाई म्हणाल्या.

तर सासूबाई राहिल्या! क्वीन्सलंड रद्द! फक्त राहिल्या त्या मर्व्हकडे. त्याची मागची खोली रिकामीच होती, आणि तो हीटर मार्चपासूनच लावतो. बेशरम माणूस!

ग्लेनिस रोज संध्याकाळी आईला भेटायला जाते आणि झोपायलाच घरी येते. यंदाच्या एप्रिलमध्ये मी घरात एकटाच तत्त्वाला धरून बसलेलो असायचो. परवा ग्लेनिसला बोलवायला म्हणून समोर गेलो, तर सासूबाईंनी माझे हात हातात घेतले. “किती गार पडलेत रे! बस जरा.”

भानावर आलो तेव्हा ग्लेनिस कधीच घरी निघून गेली होती. मी मात्र मर्व्हच्या हीटरपाशी बसलोच होतो.