ट्रुगानिनाची वेगळी चूल

"गणपतीच्या आत ट्रुगानिना संघातून बाहेर काढून दाखवतो! नाही काढलं तर विनय नाव लावणार नाही!"

"आधी कचऱ्याचा बिन बाहेर काढ," चित्रलेखा म्हणाली. "सकाळी ट्रक येईल. मागच्या वेळी विसरला होतास."

विनयने बिन बाहेर नेला, पण ताठ मानेने नेला!

संघ म्हणजे पश्चिम उपनगर संयुक्त मराठी संघ. टार्निट आणि ट्रुगानिना या मेलबर्नच्या पार टोकाच्या दोन वस्त्यांनी मिळून चालवलेला. दोन्हीकडे तीच घरं, त्याच करड्या विटा, तीच गॅरेजं आणि सकाळी ट्रेनकडे धावणारी तीच माणसं. परक्या माणसाला फरक कळणार नाही. खरं तर विनयलाही गेल्या महिन्यापर्यंत कळला नव्हता!

संघाच्या गणपतीच्या पूजेला बसण्याचा मान दरवर्षी एका जोडप्याला मिळायचा. यंदा पाळी विनय-चित्रलेखाची. विनयने पुण्याला आईला कळवूनही टाकलं. आईने लगेच वडिलांचं सोवळं कुरियरने धाडलं आणि व्हिडिओ कॉलवर पूजा बघायला अख्खा मजला बोलावून ठेवला. आणि मग समितीने ठरवलं, की नव्यांना आपलंसं वाटायला हवं. तेव्हा यंदाचा मान सिडनीच्या वेस्टमीडहून बदलून आलेल्या डॉक्टर शिरीष आणि डॉक्टर विनीता यांना. विनयला पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी! आईला काय तोंड दाखवणार? विनयला फार लागलं. पण 'मला लागलं' असं म्हणण्यापेक्षा 'ट्रुगानिनावर अन्याय झाला' असं म्हणणं पुरुषाला सोपं जातं. विनयने सोपं ते केलं.

प्रचार दणक्यात झाला. शेजारच्या अजितने स्वतःच्या ट्रेलरवर भलं मोठं पोस्टर चिकटवलं : 'संघाला देतो ती वर्गणी आपल्याच मोदकांना देऊ!' तो ट्रेलर शाळेसमोर उभा केला, तेव्हा दोन गुजराती कुटुंबं मोदकांची ऑर्डर द्यायला आली.

सभेच्या दिवशी टार्निटचा हॉल खच्चून भरला. अध्यक्ष मेधाताईंनी शांतपणे धोके सांगितले. "हॉलला इन्शुरन्स लागतो, तो संघाच्या नावावर आहे. ढोल संघाचे. मोठी पातेली संघाची. बाहेर पडलात तर काय उरेल?"

"स्वाभिमान!" विनय गरजला.

"त्यात भात शिजतो का रे?"

हॉल हसला. विनय चिडला. "प्रश्न भाताचा नाही, ताई! कोणीही उठतं, बाहेरून येतं आणि आपल्या पाटावर बसतं! बाहेरच्या लोकांचा हा लोंढा कुठेतरी थांबायला नको?"

"विनय," मेधाताई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तू या देशात आलास तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये राहत होतास. गादीसुद्धा आमचीच होती."

"मी रीतसर स्टुडंट व्हिसावर आलो होतो!"

मग डॉक्टर शिरीष संकोचून उठले. "मी मधली काही वर्षं इंग्लंडला होतो. तिथे युरोपातून बाहेर पडायचं मतदान झालं, तेव्हा आमच्या वॉर्डात नर्सेसची भांडणं झाली होती. जायचं की नाही यावर सगळे बोलत होते. गेल्यावर काय, ते कोणीच सांगत नव्हतं. आपण जरा…"

"बघा! इंग्लंडहून सिडनी, सिडनीहून इथे! हा माणूस एका जागी टिकत नाही आणि आपल्याला एकत्र राहायला सांगतो!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात किचनमधून बटाटेवड्यांचा वास आला. टार्निटकरांना आपल्या विजयाची खात्रीच होती. ते एकेक करून उठले आणि वड्यांच्या रांगेत उभे राहिले. अजितने संधी साधली. "चला, हात वर करा!" ट्रुगानिनाकर उपाशी पोटी बसून राहिले होते, तेच जास्त भरले. ट्रुगानिना स्वतंत्र! रांगेतल्या टार्निटकरांना बातमी कळेपर्यंत चटणीसुद्धा संपली होती.

विनयने आनंदाने मागे पाहिलं. 'राहायचं' म्हणून वर झालेल्या मोजक्या हातांत एक हात चित्रलेखाचा होता. दुसऱ्या हातात वडा होता.

"तू माझ्याविरुद्ध मत दिलंस?" गाडीत त्याने विचारलं.

"तुझ्याविरुद्ध नाही. संघाच्या बाजूने दिलं. आणि मी सभासद राहणार आहे. मोदकांचं काम माझ्याकडे आहे, मी काही ते मध्येच सोडणार नाही."

"स्पृहा, तू तरी सांग तुझ्या आईला!"

"Leave me out of it, Baba," मागच्या सीटवरून लेक म्हणाली.

स्वतंत्र ट्रुगानिनाचा पहिला ठराव झाला : पूजेचा मान फक्त ट्रुगानिनात राहणाऱ्यांना! दुसरा ठराव : यंदाचा मान विनयला! मग हॉलला फोन केला. इन्शुरन्स नाही, तर हॉल नाही. म्हणून गणपती विनयच्या गॅरेजमध्ये बसवायचं ठरलं. गाडी बाहेर, लॉनमोअर बाहेर, बार्बेक्यू बाहेर. पातेली नव्हती, म्हणून प्रसादाचा शिरा राइस कुकरमध्ये होणार होता. तरीही विनय खूश होता. पाट त्याचा होता!

आदल्या संध्याकाळी पूजा सांगणारे प्रल्हादकाका तयारी बघायला आले. दोन्ही सार्वभौम प्रदेशांत मिळून ते एकच गुरुजी. सकाळी ट्रुगानिना उरकून ते टार्निटला जाणार होते.

"सूनबाई बसणार ना शेजारी?"

"नाही हो काका, मी टार्निटला. पहाटेच निघणार," चित्रलेखा म्हणाली.

"मग कमरेला सुपारी खोवून बस, विनय. बायको हजर नसेल तर तशी सोय आहे."

विनयचा चेहरा उजळला. पण सुपारी आणायची कुठून? या देशात सुपारी आणायला बंदी. माणसांना कायमचं राहायला पीआर मिळते, सुपारीला टुरिस्ट व्हिसासुद्धा मिळत नाही! कोणे एके काळी आलेल्या चार सुपाऱ्या संघाच्या पूजेच्या डब्यात होत्या, आणि तो डबा विनयच्याच किचनमध्ये, वरच्या फळीवर, चित्रलेखाच्या ताब्यात!

"एक दे ना."

"सभासदांसाठी आहेत."

"अगं, नवरा आहे मी तुझा!"

"नवरा आहेस, पण नॉन-मेंबर आहेस. आणि सुपारीच बायको म्हणून चालणार असेल, तर उद्यापासून ऑफिसचा जेवणाचा डबाही तिच्याकडूनच घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनय सोवळं नेसून गॅरेजमध्ये उभा राहिला. खाली सिमेंट इतकं गार, की पाय बधिर झाले. सगळे स्वातंत्र्यवीर आले, पण एकेकटे! अजितची बायको लेझीमसाठी टार्निटला, बाकीच्यांच्या बायका मोदक वळायला टार्निटला. गॅरेजभर नुसते नवरे, त्यातले निम्मे राइस कुकरभोवती.

"जोडपं कुठंय?" प्रल्हादकाकांनी घड्याळ पाहिलं. "मला पुढे टार्निट गाठायचंय."

एवढ्यात दारात जोडीने उभे राहिले डॉक्टर शिरीष आणि विनीता. रेशमी कुर्ता, पैठणी, हातात पेढे!

"तुम्ही इथे कसे?" विनयला काही कळेना.

"आम्ही मागच्याच गल्लीत घर घेतलंय," विनीता म्हणाली. "ट्रुगानिना बाहेर पडलं, म्हणजे आम्हीही पडलोच ना? तिकडचा मान काल मेधाताईंना परत केला. तुमच्यातच राहायचंय, तर तुमच्याबरोबर यायला हवं!"

इतक्या भल्या माणसांवर रागवायचं तरी कसं? विनयने 'या, या' म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

"राहणारे ट्रुगानिनाचे, आणि जोडीने आलेत," प्रल्हादकाका म्हणाले. "तुमच्या ठरावात बसतात. बसा पाटावर!"

बसले! पूजा देखणी झाली. वडिलांच्या सोवळ्यातल्या विनयने घंटा वाजवली. आईला फोन लावायचा त्याला धीर झाला नाही.

काका टार्निटला गेले. राइस कुकरमधला शिरा खरवडता खरवडता विनयला स्पृहाचा व्हिडिओ कॉल आला.

"Baba, look! डॉक्टरांनी मान परत दिला ना, so next turn was ours! आई बसलीये पूजेला! आजीपण कॉलवर आहे!"

स्क्रीनवर संघाचा भलामोठा गणपती. समोर पाटावर चित्रलेखा, नऊवारीत, अशी सुंदर दिसत होती की विनय शिरा खरवडायचा थांबला. हे सगळं आपल्या शेजारी व्हायचं होतं! तिच्या डावीकडे दुसरा पाट होता. त्यावर विड्याच्या पानावर, कुंकू लावून, काहीतरी छोटंसं ठेवलेलं होतं.

"ते काय आहे गं?"

"That's you, Baba. सुपारी. प्रल्हादआजोबा said it's allowed. मेधामावशीने तुला special permission दिली."

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून, पुण्याहून, अख्ख्या मजल्यासमोर आईचा तृप्त आवाज आला. "किती छान चाललीये गं पूजा! आणि विनयपेक्षा सुपारीच बरी. एवढा वेळ मांडी घालून, मध्ये न बोलता तो कधी बसला असता का?"

विनयने गुपचूप हात जोडले. समोर गणपती होता, बायको होती, आणि पानावर शांत बसलेला तो स्वतःही होता.