नालीचं अनापत्ती प्रमाणपत्र

रायपूरच्या मुकादम पाऱ्यात, म्हणजे मुकादम मोहल्ल्यात, सिटी बसचा एक थांबा आहे आणि थांब्याला लागून एक नाली आहे. नालीवर सगळीकडे फरशा आहेत, फक्त चार फुटांत नाहीत. बसचं मागचं दार बरोबर त्या चार फुटांसमोर उघडतं. ड्रायव्हर कोणताही असो, ऊन असो, पाऊस असो, यात आजवर चूक झालेली नाही. सरकारी कामात इतका काटेकोरपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले नरहरी ढोमणे याच पाऱ्यात राहतात. त्यांच्या पत्नी लताबाईंचा उजवा गुडघा नवा आहे, मागच्या वर्षी बसवलेला. डावा जुनाच. त्या आठवड्यातून तीनदा गुडघ्याच्या व्यायामाला बसनं जातात आणि तीनदा नालीवरून उडी मारून घरी येतात.

"व्यायाम तिकडं कमी अन् इथंच जास्त होऊन राहिला," लताबाई एक दिवस म्हणाल्या. "दोनदा वाचली मी. तिसऱ्यांदा आतच जाईन. तुमी गार्ड होते ना? मंग करा काहीतरी."

नरहरींनी अर्ज लिहिला. नोकरी सगळी विदर्भात झालेली, रायपूरला येऊन तीनच वर्षं. पण हिंदीबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता: हिंदी म्हणजे मराठीच, फक्त 'आहे'च्या जागी 'है' लावायचं. त्या सिद्धांतानुसार त्यांनी लिहिलं, 'इस नाली से हमें कभी भी आपत्ति हो सकती है.'

मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ते अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव सांगत नाही. वाचताना ज्याला जे आठवेल, ते तेच. तिथल्या हिरालाल बाबूनं अर्ज दोनदा वाचला.

"कभी भी हो सकती है, मतलब अभी नहीं है?"

"अभी तो नहीं है. पर होगी."

"तो जब होगी तब आइए, बाबूजी."

"होने के बाद आके क्या फायदा?"

"पहले आके भी क्या फायदा," हिरालाल म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता.

अर्ज तिथंच मेला असता. पण त्याच आठवड्यात वरून आदेश आला: शहरातली वाहतूक किती सुरक्षित आहे आणि नागरिक संकटाला किती तयार आहेत, याचं मूल्यमापन करा, आणि महिनाअखेर एक आदर्श मोहल्ला शोधून द्या. कार्यालयानं फायली उपसल्या. अख्ख्या शहरात स्वतःहून काही लिहिलेला एकच मोहल्ला निघाला, आमचा. लगेच थांब्यावर नोटीस चिकटली: 'उक्त नाली को यथावत रखने में जिस किसी को आपत्ति हो, पंद्रह दिन में लिखित दे. अन्यथा आपत्ति नहीं मानी जाएगी.'

नोटिसा वाचायचं काम पाऱ्यानं नरहरींवर सोपवलं होतं. त्यामुळं बाकीच्यांची वाचायची कटकट मिटली होती. नरहरींनी चष्मा पुसून अर्थ लावला: नालीमुळं कोणावर संकट आलं असेल तर लिहून द्या. आता, अजून कोणी पडलेलं नव्हतं, आणि खोटा रिपोर्ट त्यांनी चौतीस वर्षांत लिहिला नव्हता. त्यांनी मसुदा केला, 'हमें अब तक कोई आपत्ति नहीं है, ईश्वर की कृपा है,' आणि बासष्ट झेरॉक्स काढून घरोघरी गेले.

"कायचा कागद होय?" शेजारच्या श्यामरावांनी विचारलं.

"नालीचा."

"नालीचा असंन तर बरं," म्हणत श्यामरावांनी सही केली. भिलाईतल्या मुलाचीही केली.

पंधराव्या दिवशी बासष्ट घरांची बासष्ट पत्रं कार्यालयात पोचली. सोळाव्या दिवशी नालीला अनापत्ति प्रमाणपत्र मिळालं. नरहरींनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सरकारनं लिहून दिलं होतं की इथं संकट येणार नाही. पेढे वाटले गेले. प्रमाणपत्र फ्रेम करून थांब्यावर, नालीच्या बरोबर वर, टांगण्यात आलं.

त्यांची मुलगी श्रावणी शंकर नगरच्या एका ऑफिसात नोकरीला. रेल्वेच्या हिंदी शाळेत शिकल्यामुळं तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच निघतं. संध्याकाळी बसमधून उतरताना तिनं फ्रेम वाचली आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, ये तो नाली का एनओसी है."

"म्हणजे?"

"मतलब पूरे पारा ने लिखकर दिया है, नाली खुली रहे, हमें चलेगा."

नरहरींनी चष्मा पुसून आपला मसुदा पुन्हा वाचला.

"मंग उद्या जा अन् सांगून या, चुकलो म्हणून," लताबाई म्हणाल्या. "त्यात लाज कायची?"

नरहरी गेलेही असते. पण सकाळी हिरालालच दारात हजर. पाऱ्याचं नाव आदर्श मोहल्ल्यासाठी पक्कं होत होतं, आणि प्रमुख म्हणून नरहरींना सत्कारात चमकणारं नारिंगी जॅकेट आणि शिट्टी मिळणार होती. निवृत्त झाल्यापासून नरहरींनी शिट्टी वाजवली नव्हती.

"सत्कार होऊ दे," ते लताबाईंना म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सांगून देतो."

"हव," लताबाई म्हणाल्या. "तोवर मी हवेत उतरतो."

मग मूल्यमापनाचं पथक आलं. त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: 'आपातकाल में निकासी की व्यवस्था?' फॉर्म बनवणाऱ्याला म्हणायचं होतं की संकटात माणसं बाहेर कशी काढणार. पण निकासी माणसांची असते तशी पाण्याचीही असते. पथकानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, शेवटी खाली पाहिलं, आणि लिहिलं: 'निकासी उपलब्ध. चौबीस घंटे खुली. कोई अवरोध नहीं.' दहापैकी दहा गुण. फरशी असती तर चार कापले गेले असते, असं पथकप्रमुखांनी आपणहून सांगितलं. नरहरींनी मान डोलावली.

सत्कार थांब्यावरच झाला. नरहरी जॅकेट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून कार्यालयाच्या साहेबांच्या शेजारी उभे. साहेब जनजागृतीवर बोलत होते, फोटोवाला गुडघ्यावर बसला होता, आणि तेवढ्यात व्यायामाहून परतणाऱ्या लताबाईंना घेऊन बस आली. मागचं दार ठरल्या जागी उघडलं. पण उडी मारायच्या जागेवर आज खुर्च्या मांडल्या होत्या.

नरहरींनी पाहिलं. शिट्टी ओठांपर्यंत नेली. पण वाजवली असती तर भाषण थांबलं असतं आणि फोटो हलला असता. त्यांनी दोन सेकंद विचार केला.

लताबाईंनाही दोनच सेकंद लागले.

पथकानं घड्याळ पाहून नोंद केली: 'बस से वृद्ध महिला की निकासी का सफल प्रदर्शन. समय दो सेकंड.' पाच गुण वाढवून मिळाले. हिरालाल मात्र धावत गेला आणि त्यानं वाकून हात दिला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "माताजी, कोई आपत्ति?"

"आहे," कमरेइतक्या चिखलातून लताबाई म्हणाल्या. "घे लिहून."

"पंद्रह दिन की मियाद तो निकल गई, माताजी."

नवा गुडघा शाबूत राहिला. जुन्याच्या खाली प्लास्टर आहे. आदर्श मोहल्ल्याची ढाल नरहरींच्या टीव्हीवर आहे. नरहरी रोज चहा करून नेतात, आणि लताबाई रोज कप घेताना एकच विचारतात, "चौतीस वर्षं साऱ्यायले हिरवी झेंडी दाखवली. लाल काय घडी करून ठेवाले दिली होती?" नाली उघडीच आहे. झाकली तर आदर्श मोहल्ल्याचे गुण जातील, आणि याला पाऱ्यात कोणाचीच हरकत नाही.

मी नरहरींना फार बोलू शकत नाही. त्या बासष्ट कागदांत एक सही माझी आहे.

आता तुमचं. ही गोष्ट वाचून तुम्हाला काही आपत्ती असेल, मराठीतली किंवा हिंदीतली, तर पंधरा दिवसांत लेखी कळवा. न कळवल्यास नाही असं धरलं जाईल. तुम्ही कळवणार नाही हे ठाऊक असल्यामुळं तुमच्या नावाचा कागद मी आधीच टाईप करून ठेवला आहे. फक्त खाली सही करा. वाचायची गरज नाही.