चौदा पॉइंट सात

आमच्या शेजारचे बापू गाडी चालवताना रस्त्याकडे बघत नाहीत. ते काम माझं. ते बघतात स्टिअरिंगशेजारी बसवलेल्या बारक्या मीटरकडे, आणि मी जीव मुठीत धरून ओरडत असतो, "बापू, म्हस! बापू, रिक्षा!"

गाडी माझ्याहून वयानं मोठी, कार्बोरेटरवाली. बापूंनी तिच्या सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सर बसवून घेतलाय. धुरात किती ऑक्सिजन उरला यावरून मीटर सांगतो, एक भाग पेट्रोलला किती भाग हवा मिळाली. आकडा पाहिजे चौदा पॉइंट सात, म्हणजे पेट्रोल पुरतं जळतं आणि धूर कमी. खाली आला तर पेट्रोल जास्त, म्हणजे मिक्चर 'रिच'; वर गेला तर हवा जास्त. मग बापू बॉनेट उघडणार आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवणार. परत चक्कर. परत म्हस.

बापूंची हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. त्यामुळे सगळं जगच त्यांना मिक्चर वाटतं. मिसळीच्या कटावर तेल जास्त आलं की "रिच झालंय." माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं तेव्हा म्हणाले, "मिक्चरच जमलं न्हवतं की!" तेही मेहुण्यासमोर.

पण या वेडामागे घोर होता. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, दमा. एकदा या गाडीच्या धुरानं त्यांना अशी ढास लागली की थांबता थांबेना. तेव्हापासून त्यांनी काकूंना गाडीत बसू दिलं नाही. "आकडा जमू दे, तुला जोतिबाला न्हेतो," एवढंच म्हणायचे. दोन वर्षं रोज हेच. मी भाड्याची गाडी सुचवली, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या रविवारी आकडा जमला. काकू औषधाचा पंप पिशवीत घालून पुढे बसल्या. बापू त्या दिवशी काकूंच्या तोंडाकडेच बघत होते, म्हणून मागून मान लांबवून मीटर मी वाचत होतो.

"वास येतोय का गं? दम लागतोय?"

"न्हाय वो. म्होरं बघा."

जोतिबाचा चढ लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. "सोळा!" मी ओरडलो. चढाला पेट्रोल जास्त लागतं, आणि बापूंनी ते इतकं आवळलं होतं की इंजिनाला पुरेना. मागून एसटीचा हॉर्न.

"चोक ओढा की बापू!" चोक ओढला की पेट्रोल वाढतं, गाडी चढते. पण धूरही होतो.

बापू घामानं निथळत होते. "न्हाय मास्तर. हिला धाप लागंल. माघारी फिरूया."

तेवढ्यात काकूंनी हात लांब करून चोक खेचला. गाडी गुरगुरत वर निघाली. पेट्रोलचा वास आत शिरला आणि काकू पदर तोंडाला लावून खोकायला लागल्या. बापूंचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबवू नगासा," काकू म्हणाल्या. "दोन वर्सं तुमी बॉनेटात डोकं घालून बसलायसा, आन् मी घरात एकली. खोकीन मी. पर तुमच्या शेजारी बसून खोकीन."

बापूंनी बाहीनं डोळे पुसले आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.