तानूबाईची शिंक आणि महाराजांची हद्द

ऐका हं बाळांनो. एका जंगलात तानूबाई नावाची रानम्हैस राहायची. चार रेडकं झाल्यावर तिची मोठी पंचाईत झाली. शिंकली, खोकली, जोरात हसली, की लघवीचे थेंब गळायचे.

एकदा सिंहमहाराजांच्या भर दरबारात तिला शिंक आली. खाली ओलं झालं. सगळे फिदीफिदी हसले.

कोल्हे प्रधान नाक दाबून म्हणाले, "बाई, जरा लाज बाळगा! पाणी कमी प्या."

तानूबाई आज्ञाधारक. तिनं पाणी तोडलं. दरबार सोडला. हसणंसुद्धा सोडलं. ऐन चैत्रात घेरी येऊन पडली, तेव्हा साळू वैदीण धावत आली. ही साळिंदरांतली. बोलणंही काटेरी.

"अगं, पाणी कशाला तोडलंस? खालचे स्नायू सैल पडलेत, एवढंच. लघवी रोखून धरल्यासारखे ते आवळ, पाच मोज, सोड. असं दहादा. दिवसातून तीन वेळा. श्वास मात्र कोंडू नकोस."

"एवढंच? मग मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

"सगळे नाक दाबण्यात गुंतले होते ना!"

तानूबाई रवंथ करता करता स्नायू आवळू लागली. कुणाला पत्ताही लागला नाही. तीन महिन्यांत गळणं थांबलं. मग ती पाणवठ्यावर गेली, मनसोक्त पाणी प्यायली आणि मैत्रिणींत बसून गदागदा हसली.

पुढे महाराजांचं वय झालं. डरकाळी फोडली, की त्यांचंही ओलं व्हायचं. पण हसायची कुणाची छाती?

प्रधान चटकन ओरडले, "महाराजांनी हद्द आखली! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. राज्य वाढतच गेलं. झऱ्याचा काठ हद्दीत आला, वडाचा पार आला, शेवटी सिंहासनही आलं.

साळूला राहवेना. "महाराज, यावर व्यायाम आहे. तानूबाई बरी झाली."

"बायकांचं दुखणं? आणि मला?" महाराज गरजले. गरजले, म्हणून हद्द आणखी वाढली.

साळूला हाकलून दिलं. ती निघाली, तर करवंदीच्या जाळीआड प्रधान पायाला पाय आवळून उभे.

"वैदीणबाई, तो व्यायाम... माझ्या एका मित्राला हवा होता."

साळूनं सांगितला. तिचा धर्मच तो.

प्रधान आता ठणठणीत कोरडे आहेत. दरबारात सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवतात.

तात्पर्य: प्रजेचं गळलं तर रोग, राजाचं गळलं तर राज्यविस्तार. म्हणून बाळांनो, स्नायू बळकट करत बसू नका. आधी सिंह व्हा.